गोचीड गुरावर कमी, गोठ्यात जास्त

‘औषध मारून आठ दिवस होत नाहीत तोच पुन्हा गोचीड,’ ही तक्रार पशुवैद्यकीय दवाखान्यात पावसाळाभर ऐकू येते. दोष बहुतेक वेळा औषधावर जातो. कधी तो खराही असतो. पण आधी विचारावे की औषध मारले कुठे? गाईच्या अंगावर. आणि गोचीड होते कुठे? थोडे गाईच्या अंगावर आणि बाकीचे गव्हाणीच्या बुडाशी, दगडी भिंतीच्या सांध्यांत, शेणाच्या पोपड्यांखाली, बांधावरच्या गवतात. अंडी, भुकेली पिल्ले आणि कात टाकायला दडलेले गोचीड यांची एकत्र मोजदाद केली, तर जनावरावर दिसणारा वाटा लहानच निघतो. फवारणी मात्र त्या लहान वाट्यावरच होते.

आठ पायांचा प्राणी

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला, आठ पायांचा. अंड्यातून बाहेर पडते ते पिल्लू मोहरीपेक्षाही बारीक आणि सहा पायांचे असते. रक्त पिऊन पहिली कात टाकली की आठ पाय येतात. अंडे, सहा पायांचे पिल्लू, आठ पायांचे पिल्लू आणि पूर्ण वाढलेला गोचीड असे हे चार टप्पे. अंडे सोडून प्रत्येक टप्प्याला रक्त लागते. कासेला चिकटूनही दूध सोडून रक्तच पिणारा हा जीव संतांच्या दृष्टांतांतही येऊन गेला आहे.

जनावर जवळ आल्याचे त्याला कळते ते पुढच्या पायांवरच्या एका इंद्रियामुळे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाचा वास आणि ऊब त्याला त्यातून जाणवते. सोंड कातडीत रुतवताना तो लाळ सोडतो. त्या लाळेने दंश बधिर होतो आणि रक्त गोठत नाही. त्यामुळे सुरुवातीला जनावराला पत्ताच लागत नाही. रोगाचे जंतूही याच लाळेतून शिरतात.

दोन गोचीड, दोन सवयी

आपल्याकडच्या गाई-म्हशींवर गोचिडाच्या अनेक जाती आढळतात, पण पशुपालकाने दोन ओळखल्या तरी पुष्कळ झाले. एक ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत याचे नाव बूफिलस असे आढळेल. दुसरा हायलोमा. नावे अवघड आहेत, ओळख सोपी आहे. टम्म फुगलेली मायक्रोप्लसची मादी करडी-निळसर, वालाच्या दाण्याएवढी, आणि तिचे पाय आखूड असतात. हायलोमा तांबूस तपकिरी, सोंड लांब, आणि त्याच्या पायांवर फिकट पट्टे दिसतात. पट्टे दिसले की हायलोमा समजावा.

हे ओळखायचे कशासाठी? तर दोघांच्या राहण्याच्या पद्धती निराळ्या आहेत, आणि उपाय त्यावरच ठरतो.

मायक्रोप्लस एकाच जनावरावर सगळे बालपण काढतो. गवताच्या टोकावर बसलेले पिल्लू चरणाऱ्या गाईला चिकटले, की दोन्ही काती तिथेच टाकतो, जोडीही तिथेच जमते. साधारण तीन आठवड्यांनी रक्ताने भरलेली मादी आपणहून गळून पडते आणि ओलसर, सावलीची जागा शोधते. तिथे दोन ते तीन हजार अंडी घालून ती मरते. उबदार, दमट हवेत तीनेक आठवड्यांत अंडी फुटतात. बाहेर आलेली पिल्ले गवतावर चढून वाट पाहत राहतात. कडक उन्हाळ्यात ती काही आठवड्यांत वाळून मरतात. थंड, ओल्या हवेत मात्र काही महिने उपाशी तग धरतात. त्यामुळे पावसाळा सुरू झाल्यावर त्यांची संख्या भराभर वाढते आणि पाऊस ओसरला तरी काही काळ कमी होत नाही.

हायलोमा बिऱ्हाड बदलतो. पिल्लू रक्त पिऊन खाली उतरते, भेगेत जाऊन कात टाकते, पुन्हा जनावर गाठते, पुन्हा उतरते. आयुष्याचा फार मोठा भाग तो भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या खाचेत, वाशांच्या सांध्यात काढतो. शिवाय गवतावर बसून वाट पाहण्यापेक्षा हा जनावराच्या दिशेने चालत, जवळजवळ धावतच येतो. म्हणून कधीच चरायला न सोडलेल्या, चोवीस तास दावणीला असलेल्या संकरित गाईलाही गोचीड होतात. ‘आमची गाय रानात जातच नाही, मग गोचीड आले कुठून,’ याचे उत्तर बऱ्याचदा तिच्या पाठीमागच्या भिंतीतच असते.

रक्तापेक्षा ताप महाग

एक मादी पोटभर प्यायली म्हणजे साधारण अर्धा ते एक मिलिलिटर रक्त जाते. शंभर-दोनशे माद्या चिकटल्या तर वासरू पांढरे पडते, गाय दूध चोरते, धारेला उभी राहत नाही, चामड्याला भोके पडतात, जखमांत आसडी होते. लंपी त्वचारोगाच्या साथीतही डास-माश्यांच्या जोडीने गोचिडावर संशय घेतला जातो. पण खरे नुकसान तापांचे, आणि गोठ्यात ज्याला सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतात त्याच्या पोटात तीन वेगळे आजार आहेत.

थायलेरिओसिस हा हायलोमामुळे होतो. ताप १०४ अंशांच्या वर जातो (गाईचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट), खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते, धाप लागते, डोळ्यांची आतली बाजू फिकट होते. संकरित गाई आणि त्यांची वासरे यात पटकन दगावतात. यावर बुपारवाक्वोन हे चांगले औषध आहे, पण ते आजाराच्या सुरुवातीला मिळाले तरच. रक्तातल्या तांबड्या पेशी फार फुटल्यावर इंजेक्शन देऊन हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

बॅबेसिओसिस मायक्रोप्लसमुळे होतो. ताप आणि कॉफीसारखी गडद लाल लघवी ही त्याची खूण. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. रोगी गाईचे रक्त प्यायलेली मादी जंतू आपल्या अंड्यांत उतरवते, म्हणजे तिची पिल्ले रोग घेऊनच जन्माला येतात. थायलेरियाचे तसे नाही. तो अंड्यांत जात नाही. पिल्लाने आजारी जनावराचे रक्त प्यायले, तर पुढच्या टप्प्यात ते हा जंतू दुसऱ्या जनावराला देते. तिसरा ॲनाप्लाझ्मोसिस. यात रक्त कमी होते, कावीळ दिसते, शेण घट्ट होते, पण लघवी सहसा लाल होत नाही. हा आजार गोचिडाबरोबरच चावऱ्या माश्या आणि अनेक जनावरांना वापरलेली एकच सुई यांच्यामुळेही पसरतो. दहा गाईंना एका सुईने टोचण्याची काटकसर इथे नडते.

तिन्हींची औषधे वेगळी आहेत. म्हणून रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तपासून घेण्याचा आग्रह धरावा. अंदाजाने दिलेल्या महागड्या इंजेक्शनापेक्षा ते स्वस्त पडते. थायलेरियावर ‘रक्षावॅक-टी’ ही भारतात तयार झालेली जिवंत लस आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे गावोगाव पोचवणे सोपे नाही. संकरित वासरे पाळणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी. मात्र ही लस तापावर आहे. गोचीड तिने कमी होत नाहीत.

टेक्सासची गाय आणि रिकामे कुरण

गोचिडाने रोग पसरतो हे सिद्ध झाले ते अमेरिकेत. टेक्सासकडून उत्तरेला हाकत नेलेले कळप स्वतः धडधाकट असत, पण त्यांच्या वाटेवरची उत्तरेकडची गुरे लाल लघवी करून मरत. संशोधक थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी वेगवेगळ्या कुंपणांत गुरे ठेवून प्रयोग केले. दक्षिणेकडच्या गुरांवरचे गोचीड हाताने वेचून काढले, तर शेजारची उत्तरेकडची गुरे निरोगी राहिली. उलट एका कुंपणात दक्षिणेचे एकही जनावर न ठेवता नुसते गोचीड सोडले, तर तिथली गुरे आजारी पडली. १८९३ साली हे काम प्रसिद्ध झाले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये.

पुढे १९०६ पासून अमेरिकेने गोचीड उच्चाटनाची मोहीम चालवली. गुरे ठरावीक दिवसांनी आर्सेनिकच्या हौदातून पोहत न्यायची आणि कुरणे काही महिने रिकामी ठेवून पिल्लांना उपाशी मारायचे, अशा दोन्ही बाजूंनी ती चालली. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडून देश मोकळा झाला. तो पट्टा आजही पहाऱ्यात आहे. या मोहिमेतले आर्सेनिक आपल्याला नको, पण रिकाम्या कुरणाची युक्ती अजून तितकीच खरी आहे.

देशी कातडीची ताकद

वशिंडाच्या गाईवर मायक्रोप्लसची पिल्ले चढतात तेवढीच, पण त्यांतली थोडीच पूर्ण वाढून खाली पडतात. कातडीची प्रतिक्रिया, आखूड गुळगुळीत केस, चाटण्याची सवय आणि शरीराची प्रतिकारशक्ती हे सगळे तिथे एकत्र काम करते. अमेरिकेतली ‘ब्राह्मन’ ही गाईंची जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कृष्णाकाठच्या गुरांपासून घडवली गेली. उष्णता आणि गोचीड यांना पुरून उरणे हा तिचा मोठा गुण ठरला, आणि ऑस्ट्रेलियानेही ती त्याच कारणासाठी नेली. इकडे आपण दुधासाठी होल्स्टिन आणि जर्सीचे रक्त आणले. दूध वाढले, यात वाद नाही. पण खिलार किंवा डांगी गाय ज्या गोठ्यात निभावून जायची, त्याच गोठ्यात ही संकरित गाय निभावत नाही. गाय बदलली आणि गोठा तोच ठेवला, ही आपल्याकडच्या गोचीड तापामागची एक मोठी गोष्ट आहे असे मला वाटते.

आधी गोठा

सुरुवात भिंतीपासून करावी. दगड-मातीच्या भिंतीतल्या भेगा सिमेंटने किंवा निदान चुन्याने बुजवाव्यात. गव्हाण लाकडी असेल तर तिच्या खाचा पाहाव्यात. भिंत, खांब आणि जमिनीलगतचा कोपरा यांवर फ्लेम गनची ज्योत फिरवली, तर अंडी आणि दडलेले गोचीड जळतात. गुरे बाहेर काढून, कडबा-वैरण दूर करून, पाण्याची बादली जवळ ठेवूनच हे करावे. गवती छपराच्या गोठ्यात करूच नये. त्यानंतर चुन्याची सफेदी.

मे महिना यासाठी उत्तम. गोठा कोरडा असतो, शेतात काम कमी असते आणि पावसाळी पैदास सुरू व्हायची असते. उकिरडा गोठ्याला चिकटून नसावा, कारण गळून पडलेली मादी पहिला आसरा तिथेच घेते.

आणखी एक सवय मोडायला हवी. धार काढता काढता कासेवरचा टम्म गोचीड उपटून गोठ्यातच भिरकावून देतात. त्या मादीला तेच तर हवे असते. ती दोन दिवसांनी उतरणार होती, आपण तिला आजच उतरवून दिले. वेचलेले गोचीड रॉकेलच्या डब्यात टाकावेत. नखाने चिरडू तर मुळीच नयेत. हायलोमा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू वाहतो. २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात या तापाचे रुग्ण आढळले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याची खातरजमा केली. गुरे यात आजारी दिसत नाहीत. माणसाला मात्र तो जीवघेणा ठरतो.

मग फवारा

औषधाचे प्रमाण बाटलीवर असते, आणि ते वाचले जात नाही. १२.५ टक्के ॲमिट्राझ एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर, १.२५ टक्के डेल्टामेथ्रिनचेही सर्वसाधारण प्रमाण तेच. टक्केवारी बदलली की मिलिलिटर बदलतात, म्हणून शेजाऱ्याचे प्रमाण उचलू नये. पिकावर मारायची कीटकनाशके तर गुरांवर अजिबात नकोत. त्यातले द्रावक आणि तीव्रता वेगळी असते, आणि विषबाधेने गाय गमावल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

प्रमाणाइतकीच चूक पाण्याच्या मापात होते. मोठी गाय कातडीपर्यंत भिजायला तीन-चार लिटर तरी द्रावण लागते. आपण अर्ध्या लिटरात पाठ ओली करून मोकळे होतो. गोचीड पाठीवर कमी असतात. ते असतात कानाच्या आत, मानेच्या पोळीत, पुढच्या पायांच्या काखेत, कासेच्या मागे, शेपटीच्या मुळाखाली आणि खुरांच्या बेचक्यात. तिथे हाताने, हातमोजा घालून, फडक्याने औषध लावावे.

फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटत नाही. अंगावर जखमा असतील तर त्या टाळाव्यात. कडक ऊन आणि पावसाची वेळ टाळावी. धार आधी काढून घ्यावी आणि पुढच्या धारेला सड धुवावेत. घोड्याला ॲमिट्राझ चालत नाही. पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये. डेल्टामेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत.

आता वेळापत्रक. मायक्रोप्लस जनावरावर सुमारे तीन आठवडे असतो, म्हणून वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा फवारले, तर मधल्या काळात चढलेली पिल्ले अंडी घालण्याच्या वयात येण्याआधीच सापडतात. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती आणि जमीनही फवारावी. सगळी जनावरे एकदम घ्यावीत. वासरू, भाकड गाय आणि दारातला कुत्रा वगळला तर गोचीड तिथे सुखाने राहतात. कुत्र्यासाठी मात्र त्याचे वेगळे औषध विचारून घ्यावे.

आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सोपे वाटते म्हणून फार लोकप्रिय आहे. १ टक्क्याचे औषध ५० किलो वजनाला १ मिलिलिटर, तेही फक्त कातडीखाली. पण ते दुधात उतरते, म्हणून दुभत्या जनावराला देऊ नये. शेणातूनही ते बाहेर पडते आणि शेण मातीत नेणाऱ्या किड्यांना मारते.

कंपनी बदलली, औषध तेच

एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की त्यातून वाचलेल्या गोचिडांचीच प्रजा वाढते. डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे मायक्रोप्लस भारतातल्या अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. शेतकरी मग दुसऱ्या कंपनीची बाटली आणतो. तिच्यावर सायपरमेथ्रिन लिहिलेले असते, पुढच्या वेळी फ्लुमेथ्रिन. तिन्ही एकाच घराण्यातली, पायरेथ्रॉइड. नाव बदलले, मारण्याची रीत तीच राहिली. बदल करायचा तर गट बदलावा: पायरेथ्रॉइड चालेनासे झाले तर ॲमिट्राझ. प्रमाण दुप्पट करणे हा तर सर्वांत वाईट उपाय. गोचीड तगतो आणि गाय लाळ गाळू लागते.

शंका असेल तर घरच्या घरी ढोबळ चाचणी करता येते. टम्म फुगलेल्या वीसेक माद्या हलक्या हाताने काढाव्यात. दहा योग्य प्रमाणातल्या द्रावणात काही मिनिटे बुडवाव्यात, दहा साध्या पाण्यात. कागदावर टिपून दोन वेगळ्या, बारीक भोके पाडलेल्या डब्यांत घरापासून दूर ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांनी पाण्यातल्या माद्यांनी तपकिरी अंड्यांचे पुंजके घातलेले असतील. औषधातल्यांनीही तितकेच घातले असतील तर औषध बदलायची वेळ झाली. पाहून झाल्यावर दोन्ही डबे जाळून टाकावेत.

पाला, कोंबड्या आणि बुरशी

लसूण, कडुनिंबाचा पाला आणि निंबोळी, वेखंड, हळद, घाणेरी आणि तुळस वाटून, गाळून केलेले द्रावण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवते. वरचेवर, भिंतींवरही मारले तर गोचीड कमी राखायला ते उपयोगी पडते. भरमसाट झालेले गोचीड त्याने एका फटक्यात जाणार नाहीत. घाणेरी खाण्यात गेली तर गुरांना विषारी आहे, तेव्हा चोथा गव्हाणीजवळ टाकू नये.

मुक्त गोठ्यात गावरान कोंबड्या सोडणे मला सर्वांत आवडलेला उपाय. त्या खाली पडलेले गोचीड वेचतात, बसलेल्या गाईच्या अंगावरचेही टिपतात. फक्त फवारणीच्या दिवशी आणि नंतर काही दिवस त्यांना डालून ठेवावे. हुमणीसाठी शेतकरी वापरतात ती मेटारायझियम बुरशी गोचिडालाही मारते, पण तिला ओल लागते. तापलेल्या पत्र्याखाली ती टिकत नाही. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये गोचिडाच्याच आतड्यातल्या प्रथिनाविरुद्ध लस निघाली. टोचलेल्या गाईचे रक्त प्यायले की गोचिडाचे आतडे निकामी होते. आपल्या गोठ्यांत ती अजून रुळलेली नाही.

गायरान आणि रान

चराऊ कुरण स्वतःचे असेल, तर त्याचे भाग पाडून एकेक भाग उन्हाळ्यात रिकामा ठेवता येतो. पिल्ले उपासमारीने आणि उन्हाने मरतात. गायरान सगळ्यांचे असते. तिथे एकट्याने फवारून भागत नाही, कारण शेजाऱ्याच्या गुरांवरून पडलेली मादी आपल्याच वाटेवर अंडी घालते. गावाने एक दिवस ठरवून सगळी गुरे, शेळ्या आणि मेंढ्या एकदम फवारल्या तरच त्याला अर्थ आहे. धनगरवाड्यांचे कळप मुक्कामाला येणार असतील, तर त्यांनाही त्याच दिवसात धरावे.

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला रानात चरण्याचा प्रश्न आणखी गंभीर होतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला विषाणू गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात पोचला. त्याने येणाऱ्या तापाला लोक माकडताप म्हणतात. हिमाफायसॅलिस नावाचा रानगोचीड हा विषाणू वाहतो. गुरे या तापाने आजारी पडत नाहीत. पण या गोचिडाच्या वाढलेल्या माद्या रानात चरणाऱ्या गुरांवर पोसतात, आणि त्यांची पुढची पिल्ले डिसेंबर-जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत माणसाला चावतात, नेमकी काजूच्या हंगामात. त्या भागात गुरांवरची फवारणी पावसाळा सरता सरता सुरू करावी. मेलेले माकड दिसलेल्या रानात गुरे नेऊ नयेत आणि त्याची वर्दी आरोग्य केंद्राला द्यावी. गुराख्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी आल्यावर ते गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. त्या रानातला पातेरा गोठ्यात अंथरायला आणू नये. त्यात ही पिल्ले असतात आणि ती थेट घरात येतात.